शौर्य मान्य, हुकूम अमान्य

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनी सरकारची एक पलटण शिरूरहून पुण्याच्या दिशेने निघाली. मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटची ही दुसरी पलटण. तिच्यात पाचशेच्या आसपास हिंदी शिपाई होते. सोबत मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज, दोन तोफा आणि अडीच-तीनशे स्वार. पलटणीचा प्रमुख होता कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन. सकाळी भीमेच्या काठी पोचल्यावर दुसऱ्या बाजीराव पेशव्याची मोठी फौज समोर दिसली आणि पलटण कोरेगावच्या गावकुसाआड शिरली. मग दिवसभर गल्लीबोळांतून हातघाईची लढाई झाली. अन्न नाही, पाणी नाही, एक तोफ हातची जाऊन पुन्हा मिळवलेली. रात्र पडल्यावर पेशव्यांची फौज हटली, तेव्हा कंपनीकडच्या ८३४ जणांपैकी सुमारे २७५ जण मेलेले, जखमी किंवा बेपत्ता होते.

या लढाईचा जयस्तंभ १८२१ साली उभा राहू लागला. त्यावरचा मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही कोरलेला आहे आणि पडलेल्या हिंदी शिपायांची नावे एकेक करून दिलेली आहेत. त्यांतल्या ४९ मृतांपैकी २२ जणांच्या नावाच्या शेवटी 'नाक' आहे. महार शिपायांच्या नावांची ही ओळख त्या काळी सर्वांना माहीत होती. मराठे, राजपूत, मुसलमान, बेने इस्रायल असे सगळेच त्या पलटणीत होते, पण मृतांत महार जवळजवळ निम्मे होते. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ मानत, त्यांची नावे इथे इतरांच्या नावांबरोबर एकाच दगडावर आली.

बक्षिसांची वाटणी कशी झाली? स्टॉन्टनला कंपनीच्या संचालकांनी मानाची तलवार आणि रोख रक्कम दिली. पलटणीला 'ग्रेनेडियर' हा मानाचा किताब मिळाला. सामान्य शिपायाच्या छातीवर लावायचे पदक मात्र १८५१ साली मंजूर झाले. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' असे त्याचे नाव. त्यावर कोरेगावची वेगळी पट्टी होती, पण ते फक्त हयात असलेल्या अर्जदारालाच मिळणार होते. लढाईला तोवर ३३ वर्षे उलटून गेली होती. विशीत कोरेगावला लढलेला शिपाई तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता, आणि बहुतेक जण तर जगातच नव्हते.

पदक उशिरा मिळाले, पण मिळाले तरी. बढतीचा प्रश्न त्याहून खोल होता. पदक छातीवर लावून माणूस घरी जातो. हुद्दा मिळाला की तो दुसऱ्या माणसांना हुकूम देऊ लागतो. हिंदुस्थानातल्या फौजांच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात नाकारले जाणाऱ्यांचे शौर्य सहसा कोणी नाकारले नाही. त्यांचा हुकूम ऐकायला मात्र वरचे लोक तयार नव्हते. ही कहाणी त्या नकाराची आहे.

मुंबई फौजेची रीत

कंपनीच्या तीन फौजांत बढतीच्या रीती एकसारख्या नव्हत्या. बंगाल फौजेत हिंदी शिपायाची बढती जवळजवळ पूर्णपणे सेवाज्येष्ठतेवर होत असे. सुभेदार होईपर्यंत माणूस साठीला टेकायचा, आणि तरुण, हुशार शिपायाला केसांना पांढरेपणा येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसायचे. शिवाय त्या फौजेचा भरवसा अवधच्या उच्चवर्णीय शिपायांवर असल्यामुळे छावणीत जातीचे सगळे नियम पाळले जात. मुंबई फौजेची रीत वेगळी होती. इथे लायकी पाहून बढती देण्याला जास्त वाव होता आणि कवायतीच्या मैदानात जातीची सबब ऐकून घेतली जात नसे. सिंधमध्ये घोडदळ उभे करणाऱ्या जॉन जेकबने १८५७ च्या आधीच बंगाल फौजेतल्या जातीच्या लाडांवर आणि सेवाज्येष्ठतेच्या बढतीवर कडाडून टीका केली होती. मुंबईच्या पलटणीत ब्राह्मण शिपाई महार शिपायाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, हे मुंबईचे अधिकारी अभिमानाने सांगत.

या रीतीने कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक महार घराण्यांचे दिवस पालटले. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर अशा पायऱ्या चढत माणूस पेन्शनीला येत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी चौदा वर्षे काम केले. आई भीमाबाई मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडील आणि सहा चुलते सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार सांगतात. लष्करात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेची पायरीही ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांच्या घरात छावणीमुळे पुस्तके आली. १४ एप्रिल १८९१ ला भीमराव जन्मले ते महूच्या लष्करी छावणीत.

एवढे असूनही या पायऱ्यांना एक छत होते. सुभेदार-मेजर हा हिंदी माणसासाठी शेवटचा हुद्दा. तीस वर्षे लढलेला सुभेदार-मेजर विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालचा असे. हा लेफ्टनंट भाषा, युद्ध आणि शिपाई या सगळ्याच बाबतींत त्याच्याकडूनच शिकत असे, आणि शिकता शिकता त्याला हुकूम देत असे.

पदकांचीही अशीच दोन दालने होती. १८३७ साली कंपनीने हिंदी शिपायांसाठी 'ऑर्डर ऑफ मेरिट' सुरू केली. तिच्यात तीन वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाबरोबर पगारात वाढ मिळे. पण दुसरा वर्ग हवा असेल तर तिसऱ्या वर्गाचे पदक आधी छातीवर असावे लागे, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याचे. म्हणजे वरचा सन्मान गाठायला शिपायाला तीन वेळा मृत्यूच्या दाढेत शिरून तीन वेळा जिवंत परत यावे लागे. १८५६ साली व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला. तो गोऱ्या शिपायापासून गोऱ्या जनरलपर्यंत सर्वांना खुला होता, हिंदी माणसाला नव्हता.

१४ सप्टेंबर १८५७ ला दिल्लीच्या काश्मीर दरवाजावर याचा अर्थ उघड दिसला. दरवाजा उडवायला दारूची पोती घेऊन जाणाऱ्या तुकडीत गोरे अधिकारी आणि सार्जंट होते, तसे बंगालचे हिंदी सॅपर्सही होते. भर उजेडात, समोरून गोळ्यांचा मारा होत असताना, मोडलेल्या पुलाच्या उरलेल्या तुळयांवरून सगळे जण एकाच वाटेने पुढे गेले. लेफ्टनंट होम, लेफ्टनंट साल्केल्ड, सार्जंट स्मिथ आणि बिगुलर हॉथॉर्न यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बरोबर गेलेल्या हिंदी सॅपर्सना ऑर्डर ऑफ मेरिट. दरवाजा एक, दारू एक, मरण एक. सन्मान मात्र कातडीच्या रंगावरून दोन झाले. ही तफावत दूर व्हायला १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना खुला झाल्याचे जाहीर झाले. तीनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९१४ ला, बेल्जियममधल्या होलेबेकेजवळ मशीनगनवरचे सगळे सोबती मेल्यावरही ती चालवत राहिलेल्या खुदादाद खानाने तो मिळवला. दार उघडल्याबरोबर आत यायला माणसे तयार होती.

दार बंद होते ते साल

व्हिक्टोरिया क्रॉसचे दार उघडण्याच्या वीस वर्षे आधी महाराष्ट्रात दुसरे एक दार बंद झाले होते, आणि ते सन्मानाचे नव्हते, भरतीचे होते.

लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. रशियाची फौज उत्तर-पश्चिमेकडून येईल या धास्तीत त्या वेळचे लष्करी धोरण चालत होते, आणि रॉबर्ट्स यांचे मत असे की लढवय्ये लोक उत्तरेतच जन्मतात आणि दक्षिणेतल्या जाती दीर्घ शांततेत मवाळ झाल्या आहेत. या 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्तावर फौजेची नवी मांडणी झाली. एका पलटणीत अनेक जाती मिसळण्याची जुनी मुंबई रीत मागे पडली. त्याऐवजी जातवार कंपन्या आणि जातवार पलटणी आल्या. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली.

हे कसे घडले त्याची बारकाई महत्त्वाची आहे. महार शिपाई भित्रे आहेत किंवा कमी पडले, असा काही त्यांच्यावर ठपका नव्हता. अडचण बढतीची होती. कंपनी जातवार झाली की त्या कंपनीतले जमादार आणि सुभेदार त्याच जातीचे हवेत. ज्या जातीची कंपनीच नाही, तिच्या माणसाला वर चढायला जागाच उरत नाही. आणि इतर जातींच्या शिपायांवर अस्पृश्य सुभेदार नेमला तर ते त्याचा हुकूम कसा मानतील, ही सबब पुढे करण्यात आली. ७०-७५ वर्षे मुंबई फौजेत हीच गोष्ट रोज घडत होती आणि पलटणी लढाया जिंकत होत्या. तरीही वरच्यांचा पूर्वग्रह हा नियम ठरला आणि खालच्याचा अनुभव बाद झाला.

या निर्णयाने हजारो घरांचे नुकसान झाले. पगार गेला, पेन्शन गेली, मुलांची सक्तीची शाळा गेली. गावात परत आलेला माणूस पुन्हा वेसकरीला आणि बलुत्याला बांधला गेला. म्हणूनच या निर्णयाविरुद्ध पहिला आवाज पेन्शनर शिपायांनी उठवला.

अर्जांची लढाई

महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले. दापोली हे तेव्हा लष्करी पेन्शनरांचे गाव. तिथे त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था काढली. 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच हात घातला होता. भरती बंद झाल्यावर १८९४ साली मुंबई फौजेच्या सेनापतीकडे पाठवायचा अर्ज त्यांनी तयार केला. आमचे पूर्वज तुमच्यासाठी कोठे कोठे लढले, आज आम्हाला कोणत्या कारणाने दूर लोटता, असा त्याचा आशय होता. रामजी सकपाळ यांनीही अर्ज करण्याच्या कामात न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकार नोंदवतात. ज्या पेन्शनीवर घर चालते ती देणाऱ्या सरकारलाच प्रश्न विचारण्याचे धैर्य या माणसांनी दाखवले.

पुढच्या पिढीत हे काम पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी उचलले. १९०३ साली सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरली, आणि पुढे दीड हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज मुंबईच्या गव्हर्नरकडे गेला. १९०८ साली कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले. १९१० साली दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यातली मागणी फार मोठी नव्हती: सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलिसांतली शिपाईगिरी आणि फौजेतली भरती. आम्हाला वर बसवा असे त्यांनी म्हटले नाही, पायरीवर पाय ठेवू द्या एवढेच म्हटले. कोरेगावची आठवण त्यांनी अर्जातही ठेवली आणि पुढे त्या स्तंभाजवळ दरवर्षी सभाही भरू लागल्या. १ जानेवारी १९२७ च्या सभेला डॉ. आंबेडकर आले.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, खर्च कमी करायची वेळ आली आणि १९२१ मध्ये ती पलटण मोडली. गरज पडली की शूर, गरज सरली की अस्पृश्य, असा हा व्यवहार होता. बंदूक हाताळलेले हे लोक घरी परतले ते मात्र पूर्वीसारखे राहिले नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्या मिरवणुकीत शिस्त राखणाऱ्यांत पेन्शनर सुभेदार आणि हवालदार होते.

किंग्ज कमिशन आणि आठ पलटणी

दुसरीकडे वरच्या छतावर घाव बसत होते. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या मुलांसाठी इंपीरियल कॅडेट कोअर काढली, पण त्यातून मिळणाऱ्या कमिशनने गोऱ्या शिपायाला हुकूम देण्याचा अधिकार मिळत नव्हता. युरोपात आणि मेसोपोटेमियात लाखो हिंदी शिपाई लढल्यावर ऑगस्ट १९१७ मध्ये त्या कोअरच्या नऊ जणांना गोऱ्या अधिकाऱ्यांसारखेच किंग्ज कमिशन दिले गेले, आणि १९१८ पासून सँडहर्स्टमध्ये दरवर्षी हिंदी मुलांसाठी दहा जागा ठेवल्या गेल्या. संपूर्ण देशाला वर्षाला दहा.

याहून बोलकी होती १९२३ ची आठ पलटणींची योजना. हिंदी अधिकारी फक्त आठ ठरावीक पलटणींतच पाठवायचे, असे ठरले. कारण उघड होते: हिंदी अधिकारी सर्वत्र पसरले तर आज ना उद्या गोरा अधिकारी हिंदी कॅप्टनच्या हाताखाली येईल. त्यांच्यासाठी आठ खोल्या वेगळ्या केल्या की तो प्रसंगच येणार नाही. त्या आठांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी रॉयल पलटणही होती. सर अँड्र्यू स्कीन यांच्या समितीने, जिच्यात महंमद अली जिना होते, या वेगळ्या वाड्याला विरोध नोंदवून हिंदी लष्करी विद्यालयाची मागणी केली. १९३२ साली डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी निघाली. तिथून निघणाऱ्यांना पगार गोऱ्या अधिकाऱ्यांहून कमी, आणि पहिले काम सुभेदाराच्या जागी प्लाटून सांभाळण्याचे.

दोन्ही नकारांचा हिशेब मांडला तर तो एकच निघतो. इंग्रजाला हिंदी माणसाचा हुकूम नको होता, आणि सवर्णाला अस्पृश्याचा. १९३०-३१ च्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर संरक्षणाच्या उपसमितीत बसले तेव्हा त्यांनी भरती लायकी पाहून सर्व जमातींना खुली करा, हे लावून धरले. १९४० च्या आपल्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात त्यांनी फौजेची जातवार रचना आकड्यांनिशी मांडून 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्ताची चिरफाड केली. हिंदी माणसाला कमिशन हवे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना खालच्या भरतीचा प्रश्न नेहमीच तितका निकडीचा वाटला असे नाही. आंबेडकरांनी हे दोन्ही प्रश्न एकाच मापाने मोजले.

१९४१ ते १९४५

जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी कामठीला. रेजिमेंटच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. भरती बंद होऊन जवळजवळ अर्धशतक गेले होते. मधल्या दोन पिढ्या सुभेदार होण्याच्या वयात गावकीच्या कामात पिचल्या होत्या, आणि त्यांची भरपाई कोणत्याही आदेशाने होणार नव्हती.

इटलीत १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात एका रायफल सेक्शनचे नेतृत्व करत होते. माणगावजवळच्या गावचा हा बावीस वर्षांचा तरुण. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांची तुकडी सगळीच पडली, फक्त ते उरले. मागे जायचा विचारही न करता ते एकटे त्या ठाण्यावर धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा बंद केला, मग टॉमीगनने मशीनगनपाशी असलेल्या आणखी एकाला मारले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. लगेच शत्रूच्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच ठाण्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना वाचवून तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, आणि तेही या पदकाचे मानकरी ठरले. १८५६ मध्ये या दोघांना हे पदक कागदावरसुद्धा मिळू शकले नसते.

हुकुमाचा प्रश्न सुटला तो ब्रह्मदेशात. जानेवारी-फेब्रुवारी १९४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगाव इथे ५१ व्या हिंदी ब्रिगेडने जपान्यांशी घनघोर लढाई दिली. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: लेफ्टनंट कर्नल के. एस. थिमय्या, लेफ्टनंट कर्नल एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे लेफ्टनंट कर्नल शंकरराव थोरात. तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. थिमय्या आणि थोरात, दोघेही त्या आठ पलटणींच्या योजनेतून वर आलेले. हिंदी माणूस पलटण चालवू शकेल का, ही वीस वर्षे समित्यांतून चाललेली चर्चा कांगावच्या चिखलात कायमची बंद झाली. १५ जानेवारी १९४९ ला के. एम. करिअप्पा सरसेनापती झाले.

पदक एक, हुद्दा कोणताही

ब्रिटिश पद्धतीत पदकेही हुद्द्यानुसार वाटलेली होती: अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, शिपायाला मिलिटरी मेडल. २६ जानेवारी १९५० ला भारताने परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करून सुरू केली, तेव्हा ती प्रत्येक हुद्द्याला सारखीच खुली ठेवली. ब्रिटनने शिपायाचे आणि अधिकाऱ्याचे वेगळे पदक एकत्र केले ते १९९३ मध्ये.

पहिल्या परमवीरांपैकी राम राघोबा राणे हे या बदलाचे चालते-बोलते उदाहरण. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशच्या युद्धात नाव कमावले, हवालदार झाले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट सुरुंग काढत, झाडांचे अडथळे तोडत, स्वतः जखमी असून त्यांनी रणगाड्यांसाठी मोकळी केली. परमवीर चक्र त्यांनी जिवंतपणी स्वीकारले. पन्नास वर्षे आधी जन्मले असते तर सुभेदारीच्या पलीकडे त्यांना जाताच आले नसते. महार रेजिमेंटनेही पुढे परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन दिले, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे अधिकारी होते.

तोच युक्तिवाद, पुन्हा

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्यासमोर लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल लागला. सरकारी बाजूने मांडलेल्या कारणांत एक असे होते की शिपाई प्रामुख्याने ग्रामीण भागातले पुरुष आहेत, आणि स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची त्यांची मानसिक तयारी अजून झालेली नाही. १८९२ ची सबब आणि ही सबब शेजारी ठेवून वाचावी. जात जाऊन लिंग आले, बाकी वाक्य तेच राहिले. खालच्या माणसाच्या पूर्वग्रहाचे नाव पुढे करून वरच्या माणसाचा पूर्वग्रह झाकायचा, ही जुनी युक्ती आहे.

न्यायालयाने निकालात स्त्री अधिकाऱ्यांच्या कामगिरीची यादीच दिली. काबूलच्या हल्ल्यात जखमींना वाचवून शौर्यासाठी सेना पदक मिळवलेल्या मेजर मिताली मधुमिता यांचे नाव तिच्यात होते. म्हणजे पदक देताना शंका नव्हती, पलटण देताना होती. न्यायालयाने ती सबब फेटाळली आणि ज्या शाखांत स्त्रियांना प्रवेश आहे, तिथे त्यांना नेतृत्वाच्या जागांपासून सरसकट वगळता येणार नाही, असे सांगितले. मार्च २०२१ च्या पुढच्या निकालात न्यायालय आणखी खोल गेले. स्त्रियांना कायम कमिशन मिळणारच नाही असे गृहीत धरून ज्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे वरवर लिहिले, त्याच अहवालांवर आता त्यांना नापास करायचे, आणि नंतरच्या वर्षांत मिळवलेली पदके व कामगिरी विचारातच घ्यायची नाही, हा छुपा भेदभाव आहे असे न्यायालयाने ठरवले. नियम सर्वांना सारखा दिसला तरी त्याचा भार एकाच बाजूवर पडत असेल तर तो न्याय नव्हे, हे तत्त्व लष्करी बढतीला प्रथमच इतक्या स्पष्टपणे लावले गेले.

लष्कराला शिस्त हवी आणि शिस्तीला हुकूम हवा, यात दुमत नाही. पण हुकूम ऐकला जातो तो हुद्द्यामुळे, आणि हुद्द्याला मान राहतो तो लायकीवर मिळाला या विश्वासामुळे. मुंबई फौजेने १८१८ मध्ये, थोरात-थिमय्यांनी १९४५ मध्ये आणि राणे यांनी १९४८ मध्ये हे रणांगणावर सिद्ध केले. प्रत्येक वेळी आधी सबब शिपायाच्या नावाने सांगितली गेली, आणि प्रत्येक वेळी हुकूम द्यायला योग्य माणूस आला तेव्हा शिपायाने तो मुकाट्याने पाळला. म्हणून पुढे कधीही, कोणाच्याही बाबतीत, 'खालचे लोक त्याचे ऐकणार नाहीत' असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करण्याआधी एकदा त्याला हुद्दा देऊन पाहा. शौर्याला पदक देणे हे देशाचे कर्तव्य आहेच. त्या शौर्याच्या हाती नेतृत्व देणे हाच खरा न्याय आहे.